इम्प्लांट बसवायचंय? आधी हाडाचं बघा

खालची उजवी पहिली दाढ काढल्यावर मी ती जागा चार वर्षं तशीच रिकामी ठेवली. दुसऱ्या बाजूनं चावता येत होतं, हसताना कुणाला दिसत नव्हतं आणि दुखत तर मुळीच नव्हतं. शेवटी इम्प्लांट बसवायचं ठरवून डॉक्टरांकडे गेले तेव्हा माझ्या मनात प्रश्न होते ते दाताचे. रंग जुळेल का, कडक खाता येईल का, किती दिवसांत मिळेल. डॉक्टरांनी मात्र बराच वेळ दाताचा विषयच काढला नाही. स्क्रीनवर माझ्या जबड्याचं चित्र लावून ते हाडाबद्दल बोलत राहिले. हाडाची रुंदी किती उरली आहे, उंची किती, खालून नस कुठून जाते. चार वर्षांत तिथलं हाड इतकं बारीक झालं होतं की सरळ इम्प्लांट बसवणं शक्यच नव्हतं. आधी हाडाची भर घालावी लागली आणि काही महिन्यांत उरकलं असतं ते काम वर्षाच्या पुढे गेलं.

म्हणून पहिल्यांदाच इम्प्लांटचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच आधी सांगते: दात सगळ्यात शेवटी येतो. तो किती वर्षं टिकणार, हे त्याच्या खालचं हाड आणि भोवतीची हिरडी ठरवते. मी डॉक्टर नाही. माझं एक आणि आईची दोन, अशा तीन इम्प्लांटच्या निमित्तानं जे विचारलं, वाचलं आणि भोगलं, ते इथे क्रमानं मांडते आहे. तुमच्या तोंडाचा निर्णय तुम्ही आणि तुमचे डॉक्टर मिळूनच घ्याल, पण त्या खुर्चीत बसण्याआधी एवढं माहीत असलं तर प्रश्न नेमके विचारता येतात.

इम्प्लांट म्हणजे नेमकं काय

बोलताना आपण सगळ्या दातालाच इम्प्लांट म्हणतो, पण त्याचे तीन भाग असतात. हाडात बसतो तो स्क्रू, म्हणजे खरं इम्प्लांट. हे दाताच्या मुळाचं काम करतं. बहुतेक वेळा ते टायटॅनियमचं असतं, साधारण 3.5 ते 5 मिलिमीटर जाड आणि 8 ते 13 मिलिमीटर लांब. त्यावर हिरडीतून वर येणारा जोडतुकडा बसतो, त्याला अबटमेंट म्हणतात. आणि त्यावर कॅप, म्हणजे आपल्याला दिसणारा दात. दरपत्रक हातात पडलं की या तिन्हींचा खर्च त्यात धरला आहे का, हे आधी बघा. काही ठिकाणी सुरुवातीला फक्त स्क्रूचा आकडा सांगितला जातो आणि बाकीचे दोन नंतर वाढतात.

हाडात धातू टिकतो तरी कसा, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. याचा शोध लागला तो दातांचा विचारही डोक्यात नसताना. 1950च्या दशकात स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे संशोधक सशांच्या हाडातला रक्तप्रवाह बघत होते. त्यासाठी हाडात टायटॅनियमची छोटी उपकरणं बसवली होती. प्रयोग संपल्यावर ती काढायला गेले तर निघेनात, कारण हाड धातूला घट्ट धरून वाढलं होतं. या एकजीव होण्याला पुढे ऑसिओइंटिग्रेशन असं नाव मिळालं. 1965मध्ये त्यांनी योस्ता लार्सन या रुग्णाला पहिल्यांदा अशी इम्प्लांट बसवली. लार्सन 2006मध्ये वारले, तोवर चाळीस वर्षं ती इम्प्लांट त्यांच्या तोंडात काम करत होती. टायटॅनियमवर हवेत येताक्षणी ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो आणि त्या थरामुळे शरीर त्याला परकं मानून बाहेर ढकलत नाही.

खऱ्या दातात आणि इम्प्लांटमध्ये एक फरक मात्र कायम राहतो. खरा दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा पडदा असतो. चावताना तो किंचित दबतो आणि दाताखाली खडा आला की क्षणात कळवतो. इम्प्लांटला हा पडदा नाही. ते हाडात खिळलेलं असतं, म्हणून त्याला दाब सोसण्यासाठी लवचीकता नाही, जाणीव कमी आहे आणि तारा लावून ते सरकवताही येत नाही. दात सरळ करण्यासाठी तारा लावायच्या मनात असतील तर ते काम साधारणपणे आधी उरकतात, इम्प्लांट नंतर. निदान दोन्ही डॉक्टरांनी एकत्र बसून क्रम ठरवायला हवा.

पायरी 1: दात अजून तोंडात असेल तर तिथूनच सुरुवात

तुमचा दात अजून काढलेला नसेल तर तुम्ही माझ्यापेक्षा चांगल्या जागी आहात. पहिला प्रश्न असा विचारा की हा दात वाचवता येईल का. रूट कॅनाल करून, हिरडीचे उपचार करून खरा दात आणखी दहा वर्षं टिकणार असेल तर तो टिकवा. इम्प्लांट चांगलंच आहे, पण स्वतःच्या दाताची बरोबरी ते करत नाही.

काढावाच लागणार असेल तर काढण्याआधी इम्प्लांटचं बोलून ठेवा. कारण जबड्याच्या हाडाचा जो भाग दाताला धरून असतो तो दातासाठीच जगतो. दात गेला की शरीर ते हाड परत घ्यायला लागतं. दाढ काढल्यावर पहिल्या वर्षात तिथल्या हाडाची रुंदी जवळपास निम्मी होऊ शकते आणि त्यातली मोठी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. मी वर्षं मोजत बसले होते, तेव्हा खरं नुकसान पहिल्या काही आठवड्यांतच सुरू झालेलं होतं.

यावर उपाय आहेत. दात काढताना भोवतीचं हाड न फोडता तो हळुवार काढणं, हा पहिला. रिकाम्या खड्ड्यात हाडाची भुकटी भरून तो झाकणं, हा दुसरा. त्यानं हाड आटणं पूर्ण थांबत नाही, पण कमी होतं. काही वेळा दात काढल्याबरोबर त्याच बैठकीत इम्प्लांट बसवतात, काही वेळा हिरडी भरून आल्यावर सहा-आठ आठवड्यांनी आणि काही वेळा तीन ते सहा महिन्यांनी. यातलं कोणतं योग्य, हे हाडाच्या भिंती शाबूत आहेत का आणि तिथे पू किती पसरलाय यावर ठरतं. तुमच्या सोयीवर ते ठरवू नये.

जागा बरेच दिवस रिकामी राहिली की आणखी एक गोष्ट घडते. शेजारचे दात त्या फटीत कलतात आणि समोरच्या जबड्यातला दात हळूहळू खाली उतरतो किंवा वर चढतो. मग हाड असूनही कॅप बसायला उंची उरत नाही.

इम्प्लांटच हवं का?

हा प्रश्न टाळू नका. शेजारचे दोन्ही दात धडधाकट असतील तर ब्रिजसाठी, म्हणजे त्या दोन दातांच्या आधारानं मधला दात बसवण्यासाठी, ते घासून बारीक करणं मला तरी पटत नाही. तिथे इम्प्लांटची बाजू भक्कम आहे. पण त्या शेजाऱ्यांना आधीच मोठी फिलिंग्ज असतील किंवा कॅप लागणारच असेल, तर ब्रिज हा सरळ आणि शस्त्रक्रिया टाळणारा मार्ग आहे. काढता-घालता येणारा दातही काही जणांसाठी पुरेसा असतो. आणि सगळ्यात मागची दाढ गेली असेल तर कधी कधी काहीच न बसवणं हाही रास्त निर्णय असतो. अक्कलदाढेच्या जागी तर कुणी इम्प्लांट बसवत नाही.

पायरी 2: शरीराचा हिशेब मांडा

आई हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्याला एक गोळी घ्यायची. दातांच्या डॉक्टरांनी औषधं विचारली तेव्हा तिनं रक्तदाबाची सांगितली, ही सांगितलीच नाही. "हाडांच्या गोळीचा दातांशी काय संबंध?" असं तिचं म्हणणं. संबंध मोठा आहे. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून देतात त्या गटातल्या औषधांमुळे हाडाची झीज थांबते, पण तिच्याबरोबर हाडाची दुरुस्तीही मंदावते, आणि क्वचित जबड्याचं हाड शस्त्रक्रियेनंतर भरूनच येत नाही. काही कर्करोगांत याच गटातली औषधं शिरेतून मोठ्या मात्रेत देतात, तिथे हा धोका बराच वाढतो. मी गोळीचं पाकीट दाखवल्यावर डॉक्टरांनी आधी तिच्या फिजिशियनशी बोलणं केलं आणि मगच पुढची तारीख दिली. तेव्हा पहिल्या भेटीला जाताना औषधांची यादी नेऊ नका, सगळी पाकिटंच पिशवीत घालून न्या.

मधुमेह असला म्हणून इम्प्लांट होत नाही असं नाही, पण साखर आटोक्यात हवी. डॉक्टर तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीएवनसी चाचणी बघतात. ती वाढलेली असेल तर जखम उशिरा भरते आणि जंतुसंसर्ग लवकर होतो. साखर खाली आणून दोन-तीन महिन्यांनी काम केलेलं केव्हाही बरं.

तंबाखूबद्दल मी स्पष्टच बोलते. धूम्रपानामुळे हिरडीचा आणि हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि इम्प्लांट निकामी होण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या साधारण दुप्पट असतं. शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीपासून आणि हाड भरेपर्यंत बंद, ही किमान अट. कायमचं सोडता आलं तर इम्प्लांटच्या आयुष्यासाठी त्याहून चांगलं काही नाही.

रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनानं बंद करू नका. बहुतेक वेळा बंद करावी लागतही नाही आणि अचानक बंद केल्याचा धोका हिरडीतून येणाऱ्या रक्तापेक्षा कितीतरी मोठा असतो. हृदयाची कृत्रिम झडप, जबड्याला पूर्वी दिलेलं रेडिएशन, गर्भारपण, झोपेत दात करकर चावण्याची सवय, पूर्वी झालेला पायरिया, हे सगळं न विचारता सांगा. पायरिया चालू असेल तर आधी त्याचे उपचार पूर्ण करायचे. ज्या जंतूंनी दात घालवला तेच इम्प्लांटभोवती बसायला तयार असतात.

वयाचं म्हणाल तर वरची मर्यादा नाही. आई बहात्तर वर्षांची होती. खालची मर्यादा मात्र आहे. जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत थांबावं लागतं. शेजारचे दात वाढीबरोबर सरकत राहतात, इम्प्लांट जागचं हलत नाही, आणि काही वर्षांनी ते आत बुडाल्यासारखं दिसतं. किशोरवयात खेळताना पुढचा दात पडलेल्या मुलांच्या आईवडिलांनी हे लक्षात ठेवावं आणि तोवर तात्पुरत्या दातावर भागवावं.

पायरी 3: तपासणी आणि लेखी योजना

साध्या एक्स-रेत हाडाची उंची दिसते, जाडी दिसत नाही. त्यासाठी सीबीसीटी नावाचा स्कॅन करतात, ज्यात जबडा तिन्ही बाजूंनी दिसतो. दोन मिनिटांचं काम आहे, दुखत नाही. खालच्या जबड्यात ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस हाडाच्या आतून जाते. इम्प्लांटचं टोक आणि ती नस यांच्यात किमान 2 मिलिमीटर अंतर राखतात. वरच्या जबड्यात मागच्या दाढांच्या डोक्यावर सायनसची (नाकाशेजारची हवेची) पोकळी असते, तिथे हाडाची उंची कमी पडते. शेजारच्या दाताच्या मुळापासून दीड मिलिमीटर, दोन इम्प्लांट असतील तर त्यांच्यात 3 मिलिमीटर हाड, असा हिशेब असतो. हे आकडे पाठ करायला नकोत. पण स्कॅन समोर असताना "माझ्या बाबतीत ही अंतरं किती आहेत, मला दाखवाल का?" असं विचारायला संकोच करू नका. मी विचारलं तेव्हा डॉक्टरांनी माऊसनं रेघ ओढून दाखवली आणि त्या एका रेघेनं माझी निम्मी भीती गेली.

त्याच भेटीत आणखी काही गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्या:

- इम्प्लांट कोणत्या कंपनीचं, आणि त्याचे सुटे भाग दहा-पंधरा वर्षांनीही मिळतील का?
- स्क्रू बसवणारे आणि कॅप बसवणारे डॉक्टर एकच आहेत की वेगळे? वेगळे असतील तर कॅपचं नियोजन आधी झालंय का?
- हाड भरावं लागेल का, आणि तो खर्च व वेळ यात धरला आहे का?
- इम्प्लांट हाडानं धरलं नाही तर पुढे काय करायचं, आणि त्याचा खर्च कुणाचा?

शेवटच्या प्रश्नानं डॉक्टर नाराज झाले तर दुसरं मत घ्या. दहा वर्षांनंतर शंभरातली नव्वदच्या वर इम्प्लांट टिकून असतात, पण शंभरच्या शंभर नव्हे. हे जो आधी सांगतो त्याच्यावर माझा विश्वास बसतो.

पायरी 4: हाड कमी असेल तर

बोन ग्राफ्ट हा शब्द ऐकून मी घाबरले होते. दुसरीकडून हाड कापून आणणार असं वाटलं. मोठ्या कामात स्वतःचंच हाड घेतात हे खरं, पण लहान भर घालायला बहुतेकदा बारीक दाण्यांची भुकटी वापरतात आणि तिच्यावर पातळ पडदा अंथरून टाके घालतात. ही भुकटी मानवी दात्याच्या हाडाची, जनावराच्या (बऱ्याचदा गाईच्या) हाडावर प्रक्रिया करून केलेली किंवा पूर्ण कृत्रिम असू शकते. कोणती वापरणार, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. श्रद्धेमुळे किंवा मनाला न पटल्यामुळे एखादी नको असेल तर आधी सांगा, पर्याय असतो. भुकटी म्हणजे तयार हाड नव्हे. ती वेलाला लावलेल्या मांडवासारखी असते, तुमचं स्वतःचं हाड तिच्यावर चढत जातं. त्याला चार ते सहा महिने लागतात, कधी जास्त.

सायनसचा पडदा उचलून खाली हाड भरलं असेल तर काही आठवडे नाक जोरात शिंकरायचं नाही आणि शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. ही सूचना क्षुल्लक वाटते, पण दाबानं तो नाजूक पडदा फाटू शकतो.

पायरी 5: बसवण्याचा दिवस

फक्त जागेवरची भूल असेल तर पोटभर खाऊन जा. गुंगीचं औषध देणार असतील तर उपाशीपोटी जायचं की नाही हे आदल्या दिवशी विचारून घ्या आणि सोबत कुणाला तरी न्या. एका इम्प्लांटला तास-दीड तास धरून चाला, त्यातलं प्रत्यक्ष काम बऱ्याचदा अर्ध्या-पाऊण तासाचं.

हाडात भोक पाडतात या कल्पनेनंच अंगावर काटा येतो, पण हाडाला स्वतःची फारशी वेदना नसते आणि हिरडी बधिर झालेली असते. जाणवते ती थरथर आणि दाब. एका जाडीचं ड्रिल, मग त्याहून जाड, मग त्याहून जाड, असं टप्प्याटप्प्यानं करतात. माझ्या लक्षात राहिलं ते सतत पडणारं थंड सलाईनचं पाणी. त्यामागे कारण आहे. हाड 47 अंश सेल्सियसच्या वर मिनिटभर तापलं तरी तिथल्या पेशी मरू लागतात आणि मेलेलं हाड इम्प्लांटला धरत नाही. म्हणून धारदार ड्रिल, कमी वेग आणि भरपूर पाणी. शेवटी स्क्रू हळूहळू पिळून बसवतात आणि तो किती घट्ट बसला ते मोजतात.

मग एक तर हिरडी पूर्ण शिवून टाकतात किंवा हिरडीबाहेर दिसणारी छोटी टोपी लावतात. पुढचा दात असेल तर रिकामी जागा घेऊन फिरावं लागत नाही, तात्पुरता दात देतात. तो दिसण्यापुरता असतो, त्यानं चावायचं नाही.

पायरी 6: पहिला आठवडा

पहिले 24 तास चूळ जोरात भरू नका, थुंकत राहू नका, स्ट्रॉनं काही पिऊ नका. रक्ताची गाठ हलली की जखम उघडी पडते. बाहेरून गालावर बर्फ, थोडा वेळ ठेवून थोडा वेळ काढून. मऊ, कोमट खाणं, दुसऱ्या बाजूनं. झोपताना डोकं थोडं उंच. दिलेली गोळी भूल उतरायच्या आत घ्या, दुखायची वाट बघू नका. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते आणि मग उतरते. मला स्वतःला दाढ काढताना यापेक्षा जास्त दुखलं होतं.

डॉक्टरांना लगेच फोन करायचा तो या गोष्टींसाठी: भूल उतरण्याची वेळ केव्हाच गेली तरी ओठ किंवा हनुवटी बधिरच आहे; तिसऱ्या दिवसानंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय; पू, ताप, न थांबणारं रक्त. ओठाच्या बधिरपणाला तर "बघू उद्यापर्यंत" असं अजिबात म्हणू नका. इम्प्लांट नसेवर दाबत असेल तर ते लवकर काढण्यानं नस वाचू शकते. श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास होऊ लागला, तोंडाच्या तळाला सूज चढली तर थेट रुग्णालय.

पायरी 7: वाट बघणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबून सांगते.

नवं इम्प्लांट पहिल्या दिवशी घट्ट असतं ते फक्त पिळानं, भिंतीत खिळा घट्ट बसावा तसं. मग शरीर कामाला लागतं. ड्रिलनं दुखावलेलं जुनं हाड आधी काढून टाकतं आणि त्याच्या जागी नवं बांधतं. या अदलाबदलीत एक काळ असा येतो की जुनी पकड सैल झालेली असते आणि नवी पुरती आलेली नसते. साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात इम्प्लांटची पकड सगळ्यात कमी असते. आणि नेमकं तेव्हाच आपल्याला वाटतं की सगळं ठीक झालं. सूज गेलेली, टाके निघालेले, दुखणं विसरलेलं. मग कुणी तरी त्या बाजूनं कडक काही फोडून बघतं. त्या दिवसांत इम्प्लांट सूक्ष्म हललं तर हाडाऐवजी त्याच्याभोवती मऊ तंतूंचा थर धरतो, आणि एकदा तो धरला की ते इम्प्लांट काढण्यावाचून मार्ग उरत नाही.

पूर्वी खालच्या जबड्यात तीन-चार महिने आणि वरच्यात पाच-सहा महिने थांबत. वरचं हाड जास्त भुसभुशीत असतं, म्हणून जास्त. आता इम्प्लांटचा पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत करतात, हाड लवकर धरतं, आणि अनेकांना सहा ते बारा आठवड्यांत कॅप मिळते. "एका दिवसात दात" हेही खोटं नाही. पकड चांगली असेल, चावण्याचा भार टाळता येत असेल तर तात्पुरता दात लगेच देता येतो. पण तो निर्णय ड्रिल झाल्यानंतरच्या घट्टपणाच्या मापावर व्हायला हवा. तुमचं हाड बघण्याआधीच कुणी तसं वचन देत असेल तर मी तिथून उठून येईन.

पायरी 8: दात येतो

आता माप घेतात, साच्यानं किंवा तोंडात फिरवायच्या स्कॅनरनं. दुखण्यासारखं यात काही नाही. एक गोष्ट मात्र ठरवायची असते: कॅप वेगळ्या छोट्या स्क्रूनं बसवायची की सिमेंटनं चिकटवायची. स्क्रूच्या कॅपला वरून छोटं छिद्र असतं, ते दातांच्या रंगाच्या फिलिंगनं बुजवतात. पुढे काही बिघडलं तर ती उघडता येते. सिमेंटची कॅप दिसायला नितळ, पण हिरडीखाली सिमेंटचा कण राहून गेला तर तिथे सूज धरते आणि हाड झिजू लागतं. दाढेला शक्य असेल तिथे स्क्रूची मागा.

बसवल्यावर लगेच "छान" म्हणून उठू नका. शेजारच्या दाताशी फट आहे का, फटीत घालायचा धागा (फ्लॉस) अडकून निघतो का, दात मिटल्यावर हाच आधी टेकतोय का, बघा. इम्प्लांटला दबण्याची सोय नसल्यानं त्याच्यावरचा भार जरा हलकाच ठेवतात. इम्प्लांटची मान दाढेच्या मुळांपेक्षा बारीक असते, त्यामुळे कॅपच्या बुडाशी बाजूनं अन्न शिरतं. तिथे ब्रश घालायला वाट ठेवली आहे ना, हे आरशात दाखवून घ्या.

सगळेच दात गेलेल्यांसाठी प्रत्येक दाताला एक इम्प्लांट लागत नाही. एका जबड्याला चार ते सहा इम्प्लांटवर पूर्ण फिक्स बत्तिशी बसते. आईनं त्याहून साधा मार्ग घेतला. खालच्या जबड्यात पुढे दोन इम्प्लांट आणि त्यावर चटकन बसणारी, रात्री काढून धुता येणारी कवळी. खालची कवळी बोलताना उचलली जायची म्हणून ती चारचौघांत जेवायचं टाळायची. ते थांबलं. खालच्या सैल कवळीनं बेजार झालेल्या कुणालाही मी हा पर्याय आधी बघायला सांगते.

पायरी 9: रोजची राखण

इम्प्लांटला कीड लागत नाही, म्हणून अनेक जण निर्धास्त होतात. हिरडीचा रोग मात्र त्याला लागतो, खऱ्या दातापेक्षा वेगानं, आणि दुखण्याची सूचना न देता. आधी हिरडी लाल होते, ब्रश करताना रक्त येतं. या टप्प्यावर नीट साफसफाई केली तर सगळं पूर्ववत होतं. दुर्लक्ष केलं तर सूज खाली उतरून हाड खायला लागते. गेलेलं हाड परत मिळवणं फार अवघड. म्हणून इम्प्लांटभोवती रक्त दिसलं की त्याच आठवड्यात दाखवा.

रोज दोनदा मऊ ब्रश, आणि रात्री दातांच्या फटीत घालायचा छोटा ब्रश. तुमच्या फटीला कोणत्या आकाराचा लागतो ते डॉक्टरांकडून मोजून घ्या. आतली तार उघडी असलेला नको, प्लॅस्टिकचं वेष्टण असलेला घ्या. दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी. झोपेत दात चावत असाल तर नाइटगार्ड, म्हणजे रात्री दातांवर चढवायचं आवरण. कॅप हलतेय असं वाटलं तर घाबरू नका, बऱ्याचदा हाडातलं इम्प्लांट नाही, तर वरचा भाग धरणारा आतला छोटा स्क्रू सैल झालेला असतो आणि तो पिळून काम भागतं. पण हलत्या कॅपवर चावत राहिलात तर तो स्क्रू तुटतो, आणि तुटलेला स्क्रू काढणं हे किचकट काम आहे.

आणि कागद जपा. इम्प्लांटच्या डबीवर स्टिकर असतं, त्यावर कंपनी, जाडी, लांबी आणि लॉट क्रमांक असतो. ते तुमच्या फाइलमध्ये चिकटवून मागा. गाव बदललं, डॉक्टर बदलले, तर नव्या डॉक्टरांना कोणत्या मापाचा स्क्रूड्रायव्हर लागेल हे त्या स्टिकरवरून कळतं. कॅप बसवल्या दिवशी काढलेल्या एक्स-रेची प्रतही घ्या. पुढच्या प्रत्येक तपासणीत इम्प्लांटभोवतीचं हाड किती उतरलं, हे त्या पहिल्या चित्राशी ताडूनच सांगता येतं. माझ्या फाइलमध्ये तो सगळ्यात वर लावलेला आहे.